विश्वास की सत्कृत्यं? आमच्या बुधवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं 14. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून दोनदा येतात, म्हणून बुधवारची बैठक आमच्याच ओसरीवर भरते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण 31 वर्षं चौथीच्या पोरांचे प्रश्न झेलले, त्यामुळे प्रश्नांची भीती वाटत नाही. गेली काही वर्षं एकच गोष्ट फिरून फिरून विचारली जाते: विश्वास महत्त्वाचा की कर्म? वहीत टिपून ठेवलेले प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे उतरवते. बायबलमधली वचनं माझ्या शब्दांत सांगितली आहेत. अध्याय-वचनांचे आकडे दिलेत, घरी उघडून ताडून पाहा.

विश्वासानंच तारण होते म्हणता, मंग चांगलं वागाचं काऊन?

हा प्रश्न एका सालदार भावानं विचारला होता. सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. येशूचा प्रेषित पौल, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत, त्यालाही तो विचारला गेला असणार, नाहीतर रोमकरांच्या पत्रात (6:1) त्यानं स्वतःच तो मांडला नसता: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का?

इफिसकरांच्या पत्रात (2:8-9) पौल म्हणतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं होतं, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान आहे, आपली कमाई नाही, म्हणजे कोणाला फुशारकी मारता येऊ नये. आपल्याकडे ही दोन वचनं लहान लेकरांनाही पाठ असतात. त्यांना चिकटूनच दहावं वचन आहे: आपण सत्कृत्यांसाठी घडवले गेलो, आणि ती देवानं आधीच योजून ठेवली आहेत. आठ-नऊ तोंडपाठ आणि दहाच्या पानावर धूळ, असा आपल्या मंडळ्यांचा हिशेब आहे.

कर्जमाफी झाली म्हणून वावर पडीक ठेवणारा कास्तकार मला अजून भेटायचा आहे. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की तो आधी बियाण्याचं बघतो. माफीची परतफेड म्हणून तो पेरत नाही, ती परतफेड कोणी मागितलेलीच नसते. मान वर करता आली म्हणून पेरतो. सत्कृत्यांचं तसंच आहे.

आता माझाच दाखला मी जरा उकरते, कारण तो सगळीकडे बसत नाही. 2008 च्या केंद्राच्या माफीत 5 एकरांपर्यंतच्यांचं थकीत कर्ज पूर्ण माफ झालं. आमचे 7 एकर, तेही कोरडवाहू. आम्हाला चारातला एक भाग सुटणार, तोही उरलेले तीन भाग आधी भरले तर. माझे सासरे तो कागद हातात घेऊन किती वेळ बसले होते! कृपेला एकराची अट नाही, हा पहिला फरक. दुसरा फरक असा की माफीनंतर बँक तुम्हाला जेवायला बोलावत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला, सगळं उधळून परत आलेल्या धाकट्या पोराचा बाप कर्जही सोडतो, अंगात झगाही घालतो आणि पंगतही बसवतो.

त्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवतो ना? ‘इतकी वर्षं राबतो, मला एक करडूही दिलं नाही.’ नियमित हप्ते भरणाऱ्या कास्तकाराचं हेच दुखणं. म्हणून 2019 च्या राज्याच्या योजनेत 2 लाखांपर्यंतच्या माफीबरोबर नियमित फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवावं लागलं. बापानं थोरल्याला वेगळं प्रोत्साहन दिलं नाही. ‘माझं ते सगळं तुझंच आहे’ म्हणाला आणि आत यायची विनवणी करत बाहेर उभा राहिला. तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलं नाही.

पौल म्हणतो कर्माशिवाय, याकोब म्हणतो कर्मानं. मग खरं कोण?

याकोब म्हणजे नव्या करारातल्या दुसऱ्या एका पत्राचा लेखक. दोघांचे शब्द समोरासमोर ठेवले तर भांडण दिसतंच. रोम 3:28: माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासानं नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. याकोब 2:24: माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासानं नाही. शिवाय दोघंही साक्षीदार म्हणून यहुद्यांच्या मूळपुरुषाला, अब्राहामालाच उभं करतात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण कोण कोणाशी बोलतोय ते बघा. पौलासमोर असे लोक होते जे म्हणत होते, सुंता करा, अमुक खा, तमुक दिवस पाळा, तरच तुम्ही देवाचे. त्यांना तो म्हणतो, नाही. याकोबासमोर दुसरीच मंडळी आहे. भाऊ उघडा आहे, बहिणीच्या घरी संध्याकाळची भाकर नाही, आणि हे म्हणतात, ‘देव तुझं भलं करो, ऊब घे, पोटभर जेव’ (2:15-16). देत काहीच नाहीत. असल्या विश्वासाला तो मेलेला म्हणतो. देव एक आहे हे भुतंही मानतात आणि कापतात, हे त्याचं पुढचं वाक्य (2:19) तर असं आहे की ते ऐकून आमच्या ओसरीवर एकदा पूर्ण शांतता पसरली होती. शब्द एकच, विश्वास. पण पौल त्यात स्वतःला देवाच्या हवाली करणं बघतो आणि याकोब ज्याला झोडपतो ते नुसतं मान डोलावणं आहे.

अब्राहामाचं कोडं सोडवायला मे महिन्यात आमच्या घरी या. सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर पेरणीआधी उगवणशक्ती तपासतात. गोणपाट धुऊन ओला करायचा, त्यावर 10-10 च्या ओळीत 100 दाणे मांडायचे, दुसरा ओला गोणपाट वर टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाण्याचा हबका. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचं. 70 दाणे उगवले तर एकरी 30 किलो पेरायला हरकत नाही. आमच्याकडे हे काम नातवाचं. तो प्रत्येक कोंबाला हात लावून मोजतो आणि दोन-तीन मोडतो.

गोणपाटानं दाण्यात जीव घातला का? नाही. जीव आधीच होता, गोणपाटानं तो दाखवला. उत्पत्ती 15:6 मध्ये अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि देवानं ते त्याचं नीतिमत्त्व मानलं. पौल बोट ठेवतो ते इथे. देवाच्या सांगण्यावरून मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगर चढायचा प्रसंग उत्पत्ती 22 मध्ये, कितीतरी वर्षांनंतरचा. याकोब बोट ठेवतो ते तिथे. एक दाण्यातल्या जिवाबद्दल बोलतोय, दुसरा गोणपाट उघडल्यावरचं सांगतोय. आणि जो दाणा पाच दिवस ओलीत राहूनही तसाच टणक राहिला, त्याला ‘आतून जिवंत आहे हो’ म्हणून कोणी वावरात नेत नाही.

पौलाचं एक वाक्य दोघांना एका बाजेवर बसवतं. गलतीकरांस 5:6: ख्रिस्तात सुंता असण्या-नसण्याला किंमत नाही, किंमत आहे ती प्रीतीतून काम करणाऱ्या विश्वासाला.

मार्टिन ल्यूथरनं याकोबाचं पत्र बायबलमधून काढून टाकलं होतं, हे खरं का?

काढलं नव्हतं. 1522 मध्ये या जर्मन धर्मसुधारकानं नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं, त्याच्या प्रस्तावनेत या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं, आणि इब्री, यहूदा, प्रकटीकरण यांच्याबरोबर ते शेवटी ढकललं. पुढच्या आवृत्त्यांतून पेंढ्याचा शेरा गेला. त्याच पुस्तकात रोमच्या पत्राच्या प्रस्तावनेत तोच ल्यूथर लिहितो की विश्वास ही जिवंत, सतत खटपट करणारी गोष्ट आहे. चांगलं काम करावं का, हे विचारायच्या आत तिनं ते केलेलं असतं. याकोबाला यापेक्षा वेगळं काय म्हणायचं होतं, मला कळलेलं नाही. (पेंढ्याला हलकं समजणारा माणूस गुरं पाळणारा नसावा, ही माझी खासगी शंका.)

आमची सोयरीक कॅथलिक घरात झाली. ते लोक कर्मानं तारण मानतात ना?

असं सरसकट बोलून सोयरिकीत मीठ टाकू नका. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं 1547 मध्ये या विषयावर जो निर्णय दिला, त्यातही सुरुवात देवाच्या कृपेनंच होते असं म्हटलं आहे. वाद पुढचा: त्या कृपेला माणसानं साथ देणं, सत्कर्मांनी त्यात वाढणं, हे नीतिमान ठरण्यातच धरायचं की त्याचं फळ मानायचं. ल्यूथरच्या बाजूचे म्हणाले फळ, रोमच्या बाजूचे म्हणाले दोन्ही वेगळं काढता येत नाही. एकमेकांना शाप देऊन झाले. मग 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघानं एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपल्या कुठल्या योग्यतेमुळे नाही, केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच सत्कृत्यांसाठी बळ देतो. 2006 मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण साडेचारशे वर्षांनी एवढं एका कागदावर आलं.

आपल्या नागपुरातच 29 नोव्हेंबर 1970 ला अनेक पंथ मिळून उत्तर भारतीय चर्च झालं. विहिणीशी भांडायला विषय कमी आहेत का? मानपान आहे, आंदण आहे.

वधस्तंभावरच्या चोरानं कुठलं चांगलं काम केलं होतं?

लूक 23:39-43. बाप्तिस्मा नाही, दशांश नाही, हातपाय खिळलेले. तरी येशू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. कृपा कशाला म्हणतात ते यापेक्षा उघड कुठे दिसत नाही. पण त्याच्याकडे जे एक अंग मोकळं होतं, ते तोंड, त्यानं काम केलं: दुसऱ्या चोराला दटावलं, आपला गुन्हा कबूल केला आणि निरपराध माणसाची बाजू घेतली, तीही अशा वेळी की त्या टेकडीवर कोणी घेत नव्हतं. शेवटच्या घटकेचा दाखला शेवटच्या घटकेसाठी आहे. सत्तर पावसाळे पाहायला मिळालेल्यांनी तो वापरू नये.

सत्कृत्य म्हणजे पुण्यच ना?

गावात आपण शब्द एकच वापरतो, म्हणून गोंधळ होतो. पुण्य गाठीशी बांधता येतं, पापातून वजा करता येतं, अशी समजूत असते. येशूनं सांगितलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, (लूक 18) असंच खातं वाचून दाखवत होता: आठवड्यात दोनदा उपास, उत्पन्नाचा दहावा हिस्सा. जकातदार मागे उभा राहून छाती बडवत होता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. दिवसभर वावरात राबून आलेल्या चाकरानंही ‘करायचं तेच केलं’ एवढंच म्हणावं, असं येशू लूक 17:10 मध्ये सांगतो. खातं नको. झालं.

याकोबाचं पत्र शेतीबद्दल आहे असं तुम्ही म्हणता, ते कसं?

पाचवा अध्याय काढा. सातव्या वचनात जमिनीच्या मोलाच्या पिकाची वाट पाहणारा, आगोटीच्या आणि शेवटच्या पावसाकडे डोळे लावून बसलेला कास्तकार आहे. हे वचन आपल्या उपदेशात दर मृगाला येतं. त्याच्या तीन वचनं आधी जे आहे ते येत नाही: तुमच्या शेताची कापणी करणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडकवली ती ओरडतेय, आणि कापणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे. अनुवाद 24:15 तर सांगतं की मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला आहे.

मी हे वचन कितीदा वाचलं होतं. एका वर्षी कापूस वेचणीचा भाव किलोला 8 रुपये होता. सकाळी दवात वेचलेला कापूस ओला असतो, वजन जास्त भरतं, म्हणून गाठोड्यामागे 1 किलो कापायची आमच्याकडे रीत होती, आणि काट्यापाशी मीच उभी राहायचे. दिवाळीनंतरची दुसरी वेचणी, 11 बाया. सायंकाळी एक म्हातारी गाठोडं काट्याच्या आकड्याला अडकवून काटा स्थिर होईपर्यंत थांबली. साडेबावीस. मी वहीत साडेएकवीस लिहिलं. तिनं अक्षर ओळखलं नाही, पण माझा हात ओळखला. म्हणाली, ‘सकायचं दव सांजपावतर राह्यते का बाई?’

आवाज चढवला नाही तिनं. खरंच माहिती हवी असावी तसं विचारलं, आणि ओच्यातली सरकी झटकत निघून गेली. सायंकाळचा कापूस कडकडीत वाळलेला होता. मी तो रोज बघत होते, हाताळत होते आणि किलो कापत होते. 11 बायांचे दिवसाला 88 रुपये. चौदा दिवसांचा हिशेब काढला तो 1232 निघाला. दुसऱ्याच दिवशी बुधवार होता आणि बैठकीत मला ‘जिवंत विश्वास’ यावर बोलायचं होतं.

पैसे परत केले. लुबाडलेलं परत करणाऱ्या जकातदार जक्कयानं (लूक 19) चौपट दिले होते, मी एकपटच दिले, तेही घरच्यांची कुरकुर ऐकत. विश्वासानं दिले की लाजेनं, हे मला आजही सांगता येत नाही. म्हातारीनं पैसे मोजून घेतले आणि गेल्या सालचं काय, असं विचारलं. गेल्या सालची वही मी रद्दीत घातली होती.

म्हणून मी म्हणते की सत्कृत्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी कंबलवाटप येतं, पण याकोब आधी काटा बघतो, मग धुरा, म्हणजे वावराचा बांध, बघतो. वखराच्या पाळीच्या वेळी दरवर्षी वीतभर सरकणारा धुरा कुठल्याही प्रार्थनेनं मूळ जागी जात नाही, तो नांगरानंच मागे घ्यावा लागतो.

दशांश वेळेवर देतो. तेवढं पुरे नाही का?

मत्तय 23:23 वाचा. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशांश देणाऱ्यांना येशू म्हणतो की तुम्ही न्याय, दया आणि विश्वास सोडून दिलात. हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. तेव्हा दशांश द्याच. पण मार्क 7 मध्ये तो अशांवरही चिडतो जे देवाला अर्पण केलं म्हणून आईबापाला द्यायचं टाळतात. आई खाटेवर, तिच्या गोळ्या संपलेल्या, आणि आपण पाकिटावर नाव घालून अर्पण टाकतोय, हे मी पाहिलंय. नाव सांगत नाही.

पीक बुडालं, कर्ज झालं, म्हणजे माह्या विश्वास कमी पडला का?

नाही. नाही. हे दोनदा लिहिते, कारण बाहेरून येणारे काही प्रचारक सभेत नेमकं याच्या उलट सांगून जातात: बी पेरा म्हणजे देणगी द्या, देव शंभरपट देईल, आलं नाही तर तुमचाच विश्वास अपुरा. ज्याच्या बोंडात गुलाबी अळी निघाली, त्याच्या जखमेवर हे मीठ आहे. आंधळ्या माणसाकडे बघून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही (योहान 9:1-3). सूर्य आणि पाऊस तो भल्या-बुऱ्या दोघांच्या वावरावर पाडतो (मत्तय 5:45), आणि न पडलेला पाऊसही दोघांच्याच वावरावर पडत नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, ती मंडळीची. याकोब 1:27 म्हणतं की देवापुढे शुद्ध धर्म म्हणजे अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांना भेटणं. आपल्या जिल्ह्यात हे वचन कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरातल्या कर्त्या माणसानं जीव दिला, तिथे तेराव्यापर्यंत गर्दी असते. त्यानंतर त्याच्या विधवेबरोबर तलाठ्याकडे कोण जातं? सरकारी मदतीच्या 1 लाखासाठी प्रकरण पात्र की अपात्र ठरतं ते कागदांवर: सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं. नवऱ्याच्या नावावर जमीनच नव्हती, सासऱ्याच्या होती, म्हणून अडलेल्या एका बाईबरोबर आमच्या बैठकीतल्या दोघी चार वेळा तहसीलला गेल्या. प्रार्थना एसटीत केली. ती बाई ख्रिस्ती नव्हती आणि झालीही नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या मनात जीव द्यायचा विचार येत असेल, तर तो विश्वासाची परीक्षा समजून एकट्यानं सोसू नका. आज रात्रीच कोणाला तरी उठवा. आमचं दार कधीही वाजवा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 14416 वर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

ख्रिस्ती नसलेली कितीतरी माणसं आमच्यापेक्षा भली आहेत. त्यांचं काय?

आहेतच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायचे. त्यांचा दहा कलमांचा रोकडा धर्म गावोगावच्या भिंतींवर लिहिलेला असतो: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध. आता मत्तयचा पंचविसावा अध्याय काढा: मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर अंगावर काटा येतो. मी शाळेत असताना एका भिंतीवर दहा कलमं होती आणि माझ्या पिशवीत मत्तय.

त्या अध्यायात मला सगळ्यात जास्त पकडून ठेवतं ते असं की उजवीकडचेही चकित होतात: प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांना हिशेबच ठाऊक नव्हता. आणि वाटेवर पडलेल्या माणसाला उचलणारा म्हणून येशूनं याजक निवडला नाही, मंदिरातला सेवक लेवी निवडला नाही, शोमरोनी निवडला, ज्याच्या घरचं पाणी यहुदी पीत नव्हते.

मग तारण? न्यायाचं आसन माझ्या ओसरीवर नाही, ही मोठीच सोय आहे. तारण येशूत आहे असं मी मानते आणि विचारलं तर सांगते. पण शेजारच्या भल्या माणसाचा निकाल लावायला मला कोणी नेमलेलं नाही.

मदत करतात ते धर्म बदलायलाच, असं गावात बोलतात. काय उत्तर द्यावं?

आधी स्वतःला उत्तर द्या. अट घालून दिलेली मदत सत्कृत्य नसते, तो सौदा असतो, आणि पैशानं आत्म्याचं दान मागणाऱ्या शिमोनाला पेत्रानं फटकारलं तेव्हाच (प्रेषितांची कृत्ये 8) सौद्याचा निकाल लागला.

लूक 17 मध्ये येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे, असं येशू विचारतो. त्याला वाईट वाटलेलं दिसतं. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला, असं कुठे लिहिलेलं नाही. जे दिलं ते दिलं.

परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना, वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, स्टीफन हिस्लॉप 1845 ला नागपुरात आल्यावर उभी राहिलेली शाळा: यांच्या मागे धर्म सांगायची इच्छा होती, हे नाकारणं खोटेपणा होईल. पण कोठाऱ्यात जखम धुताना आधी धर्म विचारावा लागत नाही. कुष्ठ झालेल्याला घरातून काढायचे त्या काळात ती जखम हातानं धुणं, हे काय आहे ते ज्याचं त्यानं ठरवावं. आपल्यापुरतं म्हणाल तर, वही-पेन, किराणा, दवाखान्याची गाडी, काहीही देताना हातात पत्रक देऊ नका. येशूबद्दल कोणी विचारलं तर वेगळ्या दिवशी, चहावर बोला.

मला चांगलं करावंसं वाटतच नाही. म्हणजे माझा विश्वास मेला का?

ज्याला ही काळजी आहे त्याचा मेलेला नसावा. मेलेला दाणा तक्रार करत नाही. वाटण्याची वाट बघू नका. संत्र्याच्या झाडाला आंबिया बहारासाठी आधी ताण देतात, पाणी तोडतात, पानं मलूल होतात, बघणाऱ्याला वाटतं बाग गेली. मग पाणी सोडलं की फूल येतं. कोरडे दिवस सगळ्यांवर येतात. योहान 15 मध्ये येशू फांदीला ‘फळ दे, फळ दे’ असा धोशा लावत नाही. वेलीला धरून राहा म्हणतो. उपासनेला येत राहा, प्रभुभोजन घेत राहा, आणि आज एखादं बारकं काम करा, न वाटता. शेजारच्या म्हातारीचं रेशन आणून द्या. वजन मात्र दुकानातच तपासून घ्या.

बैठक किती वाजता असते? कोणीही आलं तर चालतं का?

बुधवारी सायंकाळी साडेसातला. वेचणीच्या दिवसांत आठला, कारण बाया उशिरा सुटतात. कोणीही या. बायबल नसलं तरी चालेल, चष्मा मात्र आणा, ओसरीवर दिवा मिणमिणता आहे. बसायला सतरंजी आहे, दोन खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांसाठी. चहा असतो. जुलै-ऑगस्टात नाल्याच्या रपट्यावरून पाणी जात असेल तर पलीकडच्यांनी येऊ नका. पुढच्या बुधवारी तोच अध्याय पुन्हा घेऊ.